दप्तरातील चूक व तिची दुरुस्ती

रत्नागिरीहून पावस ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे पूर्णगड लागते. खाडीच्या मुखावर किल्ला, खाली वस्ती, आणि मासेमारी व बागायत यांवर चालणारे संसार, असे हे गाव. अशा गावच्या शाळेतील शिक्षकाचे रोजचे काम त्याच्या डोळ्यांसमोर असते. हजेरीपट, फळा, मुलांच्या वह्या, सर्व काही हाताशी. त्याच्या स्वतःच्या नोकरीविषयी जे लिहिले जाते ते मात्र त्याच्या दृष्टिआड असते. सेवापुस्तक पंचायत समितीच्या कार्यालयात, निधीचे खाते जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात, कराची नोंद आयकर खात्याच्या संगणकात आणि कर्जाची नोंद बँकेत व बँकेकडून पतमाहिती कंपनीत. शिक्षक एक, पण त्याच्याविषयी लिहिणारे हात अनेक.

यांपैकी एखाद्या हाताकडून आकडा चुकला तर ते नेहमीच कोणाच्या दुष्ट हेतूने घडते असे नाही. शेकडो शिक्षकांची देयके ठरलेल्या मुदतीत तयार करणाऱ्या लिपिकाकडून चूक होणे मनुष्यस्वभावास धरून आहे. खरी हानी चुकीने होत नाही, ती चूक तशीच राहिल्याने होते. खाडीकाठच्या शेतीच्या बांधाला खेकड्याने भोक पाडले तर पहिल्या दिवशी ओंजळभर खारे पाणी आत येते; ते भोक मूठभर चिखलाने बुजते. तेच दोन उधाणे दुर्लक्षिले तर बांध जातो व शेत खारवते. दप्तरातील चुकीची रीत हीच आहे. म्हणून अशा चुका कोठे उत्पन्न होतात, त्या कशा ओळखाव्या आणि कोणत्या मार्गाने दुरुस्त करून घ्याव्या, याचे विवेचन येथे केले आहे.

चूक कोठे उत्पन्न होते

नोंद एकाच वहीत राहिली तर ती सहसा बिघडत नाही. ती एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरविताना बिघडते. म्हणून शिक्षकाने सर्वच कागदांची सदोदित धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पुढील प्रसंगी मात्र डोळे उघडे ठेवावे.

पहिला प्रसंग बदलीचा. तालुका किंवा जिल्हा बदलला की सेवापुस्तक, अंतिम वेतन प्रमाणपत्र व निधीची शिल्लक ही तिन्ही प्रवास करतात, आणि ती एकाच दिवशी पोहोचतील असे नसते.

दुसरा प्रसंग वेतनश्रेणी बदलण्याचा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्यातील सुधारित वेतन १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले, परंतु त्याचे नियम २०१९ साली निघाले. मधल्या तीन वर्षांचे वेतन मागाहून नव्याने मांडावे लागले. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी हाही असाच प्रसंग होय.

तिसरा प्रसंग दप्तराचीच व्यवस्था बदलण्याचा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि जिल्हा शाळा मंडळांकडील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पुढे कागदी देयकांची जागा ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालीने घेतली. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी निवृत्तिवेतनाची वेगळी योजना आली. अशा प्रत्येक वळणावर जुन्या आकड्यांना नव्या घरात जावे लागते.

चौथा प्रसंग नावाचा. विवाहानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकेचे नाव सेवापुस्तकात एक, पॅन कार्डावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे आढळते. सावंत हे आडनाव रोमन लिपीत एका कागदावर ‘व्ही’ने व दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने लिहिले जाते. माणूस या दोन्ही लेखनांत एकच व्यक्ती पाहतो. यंत्र दोन पाहते.

एका वेतनवाढीचा हिशेब

चूक लहान असल्यास तिच्यासाठी अर्ज करणे संकोचाचे वाटते. हा संकोच किती महाग पडतो हे एका उदाहरणाने पाहावे. समजा, पूर्णगडसारख्या गावातील एका शिक्षिकेचे मूळ वेतन एस-१० या स्तरातील पहिल्या टप्प्यावर, म्हणजे २९,२०० रुपयांवर निश्चित झाले. पुढील १ जुलैस वेतनवाढ मिळून ते ३०,१०० रुपये व्हावयास पाहिजे होते. देयक उतरविताना ती वाढ राहून गेली. त्यानंतर दरवर्षी वेतनवाढ नियमित मिळत गेली. म्हणजे ती शिक्षिका आपल्या हक्काच्या टप्प्याहून सदैव एक पायरी मागे राहिली.

या स्तरातील टप्पे २९,२००, ३०,१००, ३१,०००, ३१,९००, ३२,९००, ३३,९००, ३४,९००, ३५,९००, ३७,०००, ३८,१०० व ३९,२०० असे आहेत. पहिली तीन वर्षे दरमहा ९०० रुपये, नंतरची चार वर्षे दरमहा १,००० रुपये आणि त्यापुढील तीन वर्षे दरमहा १,१०० रुपये कमी मिळाले. दहा वर्षांची बेरीज १,२०,००० रुपये होते. हे केवळ मूळ वेतन झाले. महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीने मिळतात, त्यांतील तूट याहून वेगळी. निवृत्तीच्या वेळी वेतन ज्या टप्प्यावर असेल त्यावरच निवृत्तीचे लाभ ठरणार असल्याने, एक विसरलेली पायरी शिक्षिकेच्या मागे तिच्या म्हातारपणापर्यंत चालत येते.

आता असे समजू की दहा वर्षांनी ही चूक तिच्या ध्यानात आली. तिचा हक्क बुडाला काय? नाही. चुकीची वेतननिश्चिती ही दरमहा नव्याने घडणारी हानी आहे, त्यामुळे केवळ विलंबाच्या कारणाने वेतन दुरुस्त करण्याची मागणी फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एम. आर. गुप्ता यांच्या प्रकरणात सांगितले. परंतु २००८ साली तरसेम सिंग यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, अशा बाबतीत मागील थकबाकी साधारणतः न्यायालयात येण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच द्यावी. वरील उदाहरणात शेवटच्या तीन वर्षांची मूळ वेतनातील थकबाकी ३९,६०० रुपये होते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर उरलेले ८०,४०० रुपये मिळण्याची आशा फार थोडी. ते कोणी नेले असे नव्हे. ते मौनात गेले.

ही चूक पहिल्याच वर्षी सापडण्यास काय लागले असते? जुलैची वेतनचिठ्ठी जूनच्या चिठ्ठीशेजारी ठेवून पाहणे, इतकेच. वर्षातून एकदा सेवापुस्तक कर्मचाऱ्यास दाखवून त्याची सही घ्यावी असा नियम आहे. ही सही म्हणजे उपचार नव्हे. नोंदी न वाचता केलेली सही चुकीस साक्षीदार पुरविते. सेवापुस्तक हाती आले म्हणजे जन्मतारीख, नेमणुकीचा दिनांक, वेतनवाढीची तारीख, रजेची शिल्लक, वारसाचे नामनिर्देशन आणि प्रतिवर्षीचा सेवा पडताळणीचा दाखला, ही सहा स्थाने वाचावी. यांपैकी जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. मग निवृत्तीच्या तोंडावर केलेल्या धावपळीचा उपयोग होत नाही.

निधीचे खाते

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा हिशेब जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात ठेवला जातो. त्याची वार्षिक चिठ्ठी तपासणे चौथीच्या गणिताइतके सोपे आहे. गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक हीच यंदाची आरंभीची शिल्लक आहे काय ते पाहावे. बारा महिन्यांच्या वर्गण्या मोजाव्या. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये होत असल्याने त्या महिन्याची वर्गणी पुढील वर्षात दिसू शकते. ती चूक नव्हे. मधलाच एखादा महिना रिकामा असेल तर मात्र ती चूक होय. मग त्या महिन्याच्या वेतनचिठ्ठीची प्रत जोडून अर्ज करावा. गहाळ वर्गणीबरोबर तिच्यावरील व्याज आणि त्या व्याजावरील पुढील व्याजही जाते, हे विसरू नये.

२००५ नंतरच्या योजनेतील शिक्षकांनी आपल्या बारा अंकी निवृत्तिवेतन क्रमांकाच्या खात्याचा उतारा काढून दोन गोष्टी पाहाव्या: वेतनातून कापलेला प्रत्येक हप्ता जमा झाला काय, आणि त्याच्या जोडीचा शासनाचा हिस्सा आला काय. पहिला आहे व दुसरा नाही, असेही घडू शकते.

जास्त मिळालेले वेतन

चूक दोन्ही दिशांनी होते. वेतन कमी मिळाले तर शिक्षक अस्वस्थ होतो, जास्त मिळाले तर ते बहुधा त्याच्या ध्यानातही येत नाही. पुढे लेखापरीक्षणात ती बाब निघते आणि कित्येक वर्षांची वसुली एकदम समोर उभी राहते. निवृत्तीच्या वेळी उपदानातून अशी वसुली निघाल्यास मुलीचे लग्न, घराचे छप्पर, औषधपाणी, सारेच अडते.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात दिलेला निर्णय प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसता, कार्यालयाच्या चुकीने जादा रक्कम दिली गेली असेल, तर पुढील प्रसंगी वसुली करू नये असे न्यायालयाने सांगितले: कर्मचारी तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीतील असेल, तो निवृत्त झालेला असेल किंवा आदेशानंतर एका वर्षात निवृत्त होणार असेल, जादा रक्कम आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल, त्याच्याकडून वरच्या पदाचे काम चुकीने करून घेऊन त्याचे वेतन दिले असेल, अथवा वसुली करणे हे न करण्यापेक्षा अधिक अन्यायाचे ठरणार असेल. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक तृतीय श्रेणीत मोडतात.

२ मे २०२२ रोजीचा दुसरा निर्णय तर एका शिक्षकाचाच आहे. केरळातील थॉमस डॅनियल हे मुख्याध्यापक पदावरून निवृत्त झाले होते. त्यांच्या बिनपगारी रजेचा काळ पूर्वी वेतनवाढीसाठी धरला गेला होता, म्हणून निवृत्तीनंतर त्यांच्याकडे वसुली काढण्यात आली. त्यांनी कोणतीही खोटी माहिती दिली नव्हती व चूक नियमाच्या चुकीच्या अर्थामुळे झाली होती, असे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ती वसुली रद्द केली.

तथापि या संरक्षणास मर्यादा आहेत. चुकीचे वेतन पुढील काळासाठी खाली आणण्याचा अधिकार कार्यालयास राहतोच. शिवाय वेतन सुधारणेच्या वेळी ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असे वचनपत्र ज्याने लिहून दिले त्याच्याकडून वसुली होऊ शकते, असे त्याच न्यायालयाने २०१६ साली जगदेव सिंग यांच्या प्रकरणात ठरविले. असे वचनपत्र पुष्कळांनी न वाचता सही करून दिलेले असते. म्हणून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि वेतन जास्त आल्याचे दिसताच स्वतः होऊन लेखी कळवावे. असे करणे प्रामाणिकपणाचे तर आहेच, शिवाय शहाणपणाचेही आहे. आज परत केलेले तीन हजार रुपये पंधरा वर्षांनी तीन लाख होऊन येत नाहीत.

कराची नोंद

वेतनातून आयकर कापला गेला म्हणजे तो शिक्षकाच्या नावे जमा झालाच असे नव्हे. कापणारे कार्यालय रक्कम शासनाकडे भरते आणि दर तिमाहीस कोणाचा किती कर कापला याचे विवरण आयकर खात्यास पाठविते. त्या विवरणात पॅनचे एक अक्षर चुकले तर कर दुसऱ्याच्या नावे पडतो किंवा कोणाच्याच नावे पडत नाही. पॅनची दहा अक्षरे व अंक असतात: आरंभी पाच अक्षरे, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ चुका नजरेने सापडतात.

जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरण ३१ मेपर्यंत सादर होते. त्यामुळे जून महिन्यात तीन कागद शेजारी मांडावे: बारा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, ‘फॉर्म १६’ या नावाने शिक्षकांस परिचित असलेले कपातीचे प्रमाणपत्र आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील जमा कराचा उतारा. तिन्हींतील आकडा एक असला पाहिजे. तो एक नसेल तर विवरणपत्र भरण्याची घाई करू नये. ही दुरुस्ती शिक्षकास स्वतः करता येत नाही. ज्या कार्यालयाने कर कापला त्यानेच दुरुस्तीचे विवरण पाठवावे लागते. म्हणून अर्ज आयकर खात्याकडे न करता प्रथम त्या कार्यालयाकडे करावा.

कार्यालयाने कर कापला पण भरला नाही किंवा भरून नोंद केली नाही, आणि खात्याची मागणी शिक्षकाच्या नावे आली, तर काय करावे? आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २०५ प्रमाणे कर एकदा वेतनातून कापला गेला की तेवढ्या रकमेसाठी त्या कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका नोकरदाराच्या प्रकरणात हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले: मालकाने कापलेला कर भरला नसेल तर खात्याने तो मालकाकडून वसूल करावा, नोकराकडून नव्हे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ व ११ मार्च २०१६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांस तशा सूचना दिल्या. आयकर अधिनियम, २०२५ या नव्या कायद्याची अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यापूर्वीच्या वर्षांच्या उत्पन्नास जुना कायदाच लागू राहतो. परंतु कर कापला गेला हे सिद्ध करण्यास वेतनचिठ्ठी हवी, आणि ती ज्याने टाकून दिली त्यास कायदाही फारसे साह्य करू शकत नाही.

चुकीसारखे दिसणारे सर्वच चूक नसते हेही ध्यानात ठेवावे. व्यवसायकर दरमहा २०० रुपये कापला जातो व फेब्रुवारीत ३०० रुपये. वर्षाची मर्यादा २,५०० रुपये असल्याने हा फरक पडतो. त्याचप्रमाणे मागील वर्षांची थकबाकी एकाच वर्षी हाती आल्यास त्या वर्षी कर अधिक दिसतो. तेथे तक्रार करून उपयोग नाही. थकबाकीवरील कराची सूट मागण्याचा निराळा नमुना विवरणपत्रापूर्वी भरावा लागतो.

कर्जाची नोंद

शिक्षकाचे कर्ज बहुधा दोन ठिकाणी असते: शिक्षकांच्या सहकारी पतपेढीत आणि बँकेत. पतपेढीचा हप्ता वेतनातून कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे, सभासदाने तसा करार करून दिला असता हप्ता कापून संस्थेस पाठविणे हे वेतन देणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यामुळे हप्ता कापला गेला पण खात्यात जमा झाला नाही, तर शिक्षकास थकबाकीदार म्हणणे योग्य नाही. वेतनचिठ्ठी व पतपेढीचे पासबुक दर सहामाहीस ताडून पाहावे.

बँकेच्या कर्जाचे तसे नाही. तेथे हप्ता खात्यातून ठरलेल्या तारखेस जातो. वेतनास विलंब होऊन त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता चुकल्याची नोंद होते, आणि ती नोंद खोटी म्हणता येत नाही. यावर उपाय आधीच योजावा. वेतन सामान्यतः ज्या तारखेस होते त्यानंतरची तारीख हप्त्यासाठी मागून घ्यावी.

बँका कर्जाची माहिती पतमाहिती कंपन्यांस कळवितात. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन व सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम २००५ च्या कायद्याखाली करतात. फेडलेले कर्ज चालू दिसणे, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे लागणे, सहकाऱ्यास दिलेला जामीन थकीत होणे, या गोष्टी त्या अहवालात दिसतात. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. चूक आढळल्यास कंपनीकडे व बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून अमलात आला आहे. कर्ज फिटल्यावर बँकेकडून ‘येणे बाकी नाही’ असा दाखला अवश्य घ्यावा. पुढे घराच्या कर्जासाठी अर्ज केल्यावर दहा वर्षांपूर्वीच्या फिटलेल्या कर्जाने वाट अडविली, तर हा एक कागद ती मोकळी करतो.

अर्ज कसा करावा

तोंडी तक्रारीस दप्तरात स्थान नाही. पूर्णगडहून एसटीने रत्नागिरीस जाऊन, एक रजा खर्चून, टेबलाशी बोलून येणे म्हणजे काम झाले असे अनेकांस वाटते. परंतु संबंधित लिपिकाची बदली झाली की ते संभाषण कधी झालेच नव्हते असे होते. अर्ज लहान असावा, एका अर्जात एकच बाब असावी, आणि त्यात राग नसून आकडे असावे. नमुना पुढीलप्रमाणे:

“प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, ..........
द्वारा: मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ..........
विषय: दिनांक १ जुलै .......... ची वेतनवाढ देयकात समाविष्ट करणेबाबत.
महोदय, माझे जून महिन्याचे मूळ वेतन रु. .......... होते. दिनांक १ जुलै रोजी देय असलेल्या वेतनवाढीने ते रु. .......... व्हावयास पाहिजे. जुलैच्या देयकात ते रु. .......... असे दर्शविले आहे. फरक दरमहा रु. .......... आहे. तरी सेवापुस्तकातील नोंद पाहून दुरुस्ती व्हावी व फरकाचे पूरक देयक तयार व्हावे, ही विनंती.
सोबत: जून व जुलैच्या वेतनचिठ्ठ्यांच्या प्रती.
दिनांक, सही, शालार्थ क्रमांक.”

अर्जाच्या दोन प्रती कराव्या व आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व सही घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा न केलेल्या अर्जासारखा असतो. टपालाने पाठविल्यास स्पीड पोस्टची पावती त्याच प्रतीस टाचावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्यावे. त्यानेही काम न झाल्यास, बाबीप्रमाणे, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) किंवा मुख्य लेखा व वित्त अधिकारी यांच्याकडे योग्य मार्गाने अर्ज करावा. अर्जाचे काय झाले हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून विचारता येते, व त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. न्यायालयाची पायरी ही शेवटची. तशी वेळ आलीच, तर मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील पीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. आता मुंबई गाठावी लागत नाही.

कागद जपणे

कोकणात कागदाचे दोन शत्रू आहेत, दमट हवा आणि वाळवी. चार महिन्यांच्या पावसात कपाटातील कागद एकमेकांस चिकटतात आणि जमिनीलगतची पेटी वाळवी खाते. म्हणून नेमणुकीचा आदेश, बदलीचे आदेश, वेतननिश्चितीची प्रत, निधीच्या चिठ्ठ्या, कपातीची प्रमाणपत्रे व अर्जांच्या पोचा एका प्लॅस्टिकच्या धारिकेत घालून पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून दूर व उंचावर ठेवाव्या. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून ते घरातील आणखी एका माणसाजवळ ठेवावे. २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आल्यावर खाजगी शाळांतील कित्येक प्रामाणिक शिक्षकांसही जुने नेमणूक आदेश शोधून सादर करावे लागले. ज्यांच्या पेटीत ते होते त्यांचे काम एका सकाळी झाले.

घरातील माणसास ही पेटी कोठे आहे व तीत काय आहे हे सांगून ठेवणेही अगत्याचे आहे. शिक्षकाच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद पुरे करण्याची वेळ येते, तेव्हा ते काम बहुधा अशा पत्नीवर किंवा पतीवर पडते, ज्याने सेवापुस्तक कधी पाहिलेलेही नसते. नामनिर्देशनात राहिलेली एक चूक त्या घरास महिनोन्महिने हेलपाटे घालावयास लावते.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत वर्षातून एकदा, बहुधा जुलैच्या वेतनानंतर, अर्धा तास या कामासाठी ठेवता येईल. प्रत्येकाने आपल्या दोन चिठ्ठ्या आणाव्या व शेजाऱ्याच्या चिठ्ठ्या तपासाव्या. दुसऱ्याच्या कागदातील चूक लवकर दिसते, हा अनुभव वह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकास आहे. नवीन सेवेत आलेल्या तरुण शिक्षकांस सेवापुस्तक म्हणजे काय हे याच वेळी समजावून सांगावे.

याचा लाभ शिक्षकापुरताच राहत नाही. पूर्णगडसारख्या गावात बँकेची नोटीस, नौकेच्या कर्जाचा उतारा, घरपट्टीची पावती घेऊन माणसे शाळेच्या पायरीशी येतात. “गुरुजी, ह्या जरा वाचून सांगा,” असे म्हणणाऱ्यास शिक्षक काय सांगतो यावर त्याचे होडी-जाळे अवलंबून असते. ज्याने स्वतःच्या नोंदीतील चूक शांतपणे, आकड्यांनी आणि लेखी दुरुस्त करून घेतली आहे, तोच त्या माणसास घाबरू नको असे सांगून दोन ओळींचा नेटका अर्ज लिहून देऊ शकतो. शाळेत मुलांकडून ताळा करवून घेणाऱ्याने स्वतःच्या हिशेबाचाही ताळा करावा, यात अविश्वास नाही. दप्तर लिहिणारा आणि ज्याच्याविषयी ते लिहिले जाते तो, हे दोघे मिळूनच दप्तर खरे ठेवतात.